आलेफ, अलिफ आणि अर्थ

लहान मुलाला त्याला न समजणाऱ्या भाषेतला धर्मग्रंथ वाचायला शिकवावे की नाही, हा प्रश्न आपल्याकडे निघाला की दोन मिनिटांत त्याचे भांडण होते. एक बाजू म्हणते, अल्लाहचे शब्द आहेत, कानावर पडू देत, अर्थ पुढे कळेल. दुसरी बाजू म्हणते, ही पोपटपंची आहे, तेवढ्या वेळात मुलगा गणित शिकेल. दोन्ही बाजूंचे सगळे मुद्दे आपल्याला पाठ आहेत. नव्याने विचार करायला जागाच उरलेली नाही. अशा वेळी आपले मकतब घटकाभर बाजूला ठेवून शेजारच्या घरात हाच प्रश्न कसा सोडवला गेला, ते पाहिले तर काही हाती लागेल असे मला वाटते. हे शेजारी काही लांबचे नाहीत. अलिबाग, पेण, पनवेल, रोहा या मुलखातले, आपल्यासारखेच मराठी बोलणारे, आडनावापुढे गावाचे नाव आणि ‘कर’ लावणारे बेने इस्रायल, म्हणजे कोकणातले ज्यू.

सिनेगॉगच्या शाळेत मूल पहिल्यांदा काय शिकते? बावीस अक्षरे. ती उजवीकडून डावीकडे वाचायची. पहिले आलेफ, दुसरे बेत, तिसरे गिमेल, चौथे दालेत. आपल्या कायद्यात बसलेल्या कुठल्याही मुलाला हे ओळखीचे वाटेल. अलिफ, बे, जीम, दाल. आज आपण अरबी अक्षरे ज्या क्रमाने शिकतो तो वेगळा आहे, पण जुना ‘अबजद, हव्वज, हुत्ती, कलमन’ हा क्रम ज्यांना आठवतो त्यांनी हिब्रू मुळाक्षरांशी तो ताडून पाहावा. पहिली बावीस अक्षरे त्याच क्रमाने येतात. ज्या अबजदच्या हिशेबाने आपण ७८६ लिहितो, त्याच पद्धतीने ज्यू लोक शब्दांची बेरीज करतात आणि ‘जिवंत’ या अर्थाच्या शब्दाची बेरीज १८ येते म्हणून १८ हा आकडा शुभ मानतात.

मग जेर-जबर-पेश. हिब्रूतही स्वर अक्षरांच्या खाली-वर टिंबे आणि रेघा देऊन दाखवतात. मुलांच्या पुस्तकांत ही टिंबे असतात, पण सिनेगॉगच्या पेटीत ठेवलेल्या तोराच्या चामड्याच्या गुंडाळीत ती नसतात. तिथे नुसती व्यंजने. तेराव्या वर्षी मुलगा ‘बार मिट्झवा’ होतो, जमातीसमोर उभा राहून त्या गुंडाळीतून वाचतो, तेव्हा स्वर त्याने आधीच तोंडपाठ केलेले असावे लागतात. अक्षरांना बोट लावायचे नाही म्हणून टोकाला छोटा हात कोरलेली चांदीची काडी ओळीवरून फिरवतात. मध्ययुगात जर्मनी-फ्रान्सकडच्या ज्यूंमध्ये मुलाच्या पहिल्या दिवशी पाटीवरच्या अक्षरांवर मध लावून ते त्याला चाटायला देत. आपल्याकडे चार वर्षे, चार महिने, चार दिवसांच्या मुलाची बिस्मिल्ला होते आणि मिठाई वाटतात, तशातलाच हा प्रकार. अक्षर गोड आहे हे मुलाला समजण्याआधी जिभेला समजावे, ही त्यामागची युक्ती.

हे साम्य पाहून गहिवरून जायचे कारण नाही. एकाच सेमिटिक कुळातल्या या दोन बहिणी आहेत, तेव्हा नाकडोळे जुळणारच. शिवाय बहिणींनी एकमेकींना शिकवलेही आहे. हिब्रूचे व्याकरण शास्त्रशुद्ध रीतीने मांडले गेले ते दहाव्या शतकात, अरबी व्याकरणकारांच्या सावलीत. कुर्तुब्याच्या यहूदा हय्यूजने हिब्रू क्रियापदांचे मूळ तीन अक्षरांचे असते हे दाखवले, आणि तो ग्रंथ त्याने अरबीत लिहिला. सादिया गाओनने तोराचे भाषांतर अरबीत केले. आपले विषयाशी नाते एवढ्यापुरते आहे. खरा प्रश्न पुढे आहे.

बेने इस्रायलांची आठवण अशी सांगते की, त्यांच्या पूर्वजांचे गलबत अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर फुटले आणि सात पुरुष व सात बायका तेवढ्या वाचल्या. ग्रंथ समुद्रात गेले. पुढे कित्येक शतके या लोकांनी तेलाचे घाणे चालवले, शनिवारी घाणा बंद ठेवला आणि म्हणून गावाने त्यांना ‘शनवार तेली’ म्हटले. हिब्रू ते विसरले. उरला फक्त ‘शेमा’, म्हणजे ईश्वर एकच आहे अशी ग्वाही देणारे छोटे वचन. जन्म, सुंता, लग्न, मौत, प्रसंग कुठलाही असो, हे लोक शेमा म्हणत. त्यातला एकेक शब्द सुटा करून त्याचा अर्थ सांगू शकेल असे माणूस त्यांच्यात बहुधा कुणी नव्हते.

पाठांतराला पोपटपंची म्हणणाऱ्यांनी इथे थोडे थांबावे. एका जमातीचा सगळा ग्रंथ, सगळे विद्वान, सगळे व्याकरण बुडाले, आणि एक न समजणारे वाक्य शतकानुशतके आईने मुलाच्या कानात सांगितले म्हणून ती जमात उरली. अर्थ कळत नाही म्हणून ते वाक्य कुण्या पिढीने सोडून दिले असते, तर आज कोकणात बेने इस्रायल नावाचे कुणी नसते. तेव्हा ‘न समजता म्हणण्याला काही किंमत नाही’ हे विधान सरसकट खरे नाही. किल्ली खिशात ठेवायला कुलूप दिसलेच पाहिजे असे नसते.

पण या गोष्टीचा दुसरा भागही आहे, आणि तो मला जास्त महत्त्वाचा वाटतो. दाविद राहाबी नावाचा एक विद्वान ज्यू या लोकांना येऊन भेटला. अभ्यासक त्याचे नाते अठराव्या शतकातल्या कोचीनच्या राहाबी घराण्याशी जोडतात, जमातीची आठवण त्याला बरीच शतके मागे नेते. हे खरेच ज्यू आहेत का, याची त्याला परीक्षा घ्यायची होती. त्याने बायकांना निरनिराळे मासे रांधायला दिले. त्या बायकांनी पंख आणि खवले असलेले मासे वेगळे काढले आणि बाकीचे आम्ही खात नाही म्हणून बाजूला सारले. तोराचा मासळीविषयीचा नियम नेमका हाच आहे. राहाबीची खात्री पटली. त्याने मग तीन पुरुष निवडले, त्यांना हिब्रू प्रार्थना आणि विधी शिकवले आणि त्यांना जमातीचे धर्मकार्य दिले. त्यांना नाव पडले ‘काजी’.

काजी हा शब्द वाचून आपले वाचक हसतील. पण बेने इस्रायलांच्या बोलीत असे शब्द पुष्कळ होते. सिनेगॉगला ते ‘मशीद’ म्हणत. मुंबईत मांडवीला सामाजी हसाजी दिवेकर यांनी १७९६ साली बांधलेले पहिले सिनेगॉग ही त्यांची ‘जुनी मशीद’. मस्जिद बंदर स्टेशनाचे नाव तिच्यावरून पडले असे सांगणारेही आहेत. नव्या वर्षाच्या आधीच्या प्रायश्चित्ताच्या महिन्यातल्या उपवासांना ते ‘रमजान’ म्हणत, आणि नव्या वर्षानंतरच्या एका उपवासाला ‘नव्याचा रोजा’. हे दिवेकर कंपनीच्या फौजेत होते आणि टिपू सुलतानाच्या कैदेत सापडले. तुझी जात कोणती असे विचारल्यावर त्यांनी ‘बेने इस्रायल’ सांगितले, तेव्हा सुलतानाच्या आईने, कुरआनात ज्यांचे नाव आहे ते लोक मी कधी पाहिले नव्हते, यांना मारू नका, असे सांगितले, अशी आख्यायिका आहे. आख्यायिकेला पुरावा मागू नये. ज्या जमातीने ती जपली तिला शेजाऱ्याविषयी काय वाटत होते, एवढे त्यातून कळते.

माशांच्या गोष्टीकडे परत येतो. परीक्षा कुणी दिली? चुलीपुढच्या बायकांनी. शिकायला कुणाला बसवले? तीन पुरुषांना. ज्यांच्या हातात धर्म शाबूत राहिला होता त्यांना पुस्तक मिळाले नाही. पुस्तक येते तेव्हा बहुतेक ठिकाणी असेच होते. मुलीला तोरा शिकवावी की नाही यावर ज्यू धर्मशास्त्रात जुना वाद आहे. एक रब्बी म्हणतो, बापाने मुलीला शिकवलेच पाहिजे. दुसरा म्हणतो, तिला शिकवणे म्हणजे वाया घालवणे. दोन्ही मते एकाच परिच्छेदात शेजारी शेजारी लिहून ठेवली आहेत. व्यवहारात दुसऱ्याचे चालले, हे सांगायला नको. बेने इस्रायलांमध्ये हे बदलायला १८७५ साली हाईम सॅम्युएल केहीमकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईत काढलेली ‘इस्रायलाइट स्कूल’ कारणी लागली. १९०५ साली मॅट्रिकला मुंबई विद्यापीठात पहिली आलेली मुलगी रिबेका रूबेन ही याच समाजातली. १९२२ पासून १९५० पर्यंत तिनेच त्या शाळेचे मुख्याध्यापकपद सांभाळले.

शिकवणारे बाहेरून आले की ते रिकाम्या हाताने येत नाहीत. राहाबीनंतर एकोणिसाव्या शतकात कोचीनहून उस्ताद आले. त्याच सुमारास अमेरिकन आणि स्कॉटिश मिशनरी आले. विल्सन कॉलेज ज्यांच्या नावाने आहे त्या जॉन विल्सन यांनी १८३२ साली बेने इस्रायलांसाठी हिब्रूचे व्याकरण मराठीत छापले. त्यांचा हेतू उघड होता. या लोकांना त्यांचा जुना ग्रंथ वाचता आला की ते नव्या करारापर्यंत चालत येतील, असा तो हिशेब. झाले उलटेच. बेने इस्रायलांनी व्याकरण घेतले, शाळा घेतली, मिशनच्या शाळांत मास्तरकी केली, आणि ते अधिक पक्के ज्यू झाले. शिकवणाऱ्याचा हेतू शिकणाऱ्याला बांधून ठेवत नाही, याचे इतके स्वच्छ उदाहरण मला दुसरे माहीत नाही. आपल्यापैकी ज्यांना मुलाला अमक्याच्या शाळेत घालायची धास्ती वाटते त्यांनी हे ध्यानात घ्यावे.

तरी काही गेलेही. बेने इस्रायलांचे सण मराठी नावांचे होते. नव्याचा सण. दारफाळणीचा सण, म्हणजे ज्या दिवशी घराची दारे लावून उपवास करत तो. खिरीचा सण. बिरड्याचा सण, कारण त्या दिवशी वालाचे बिरडे. बाहेरच्या शिक्षकांनी या सणांना त्यांची ‘खरी’ नावे दिली. नव्याचा सण झाला रोश हशाना, दारफाळणी झाली योम किप्पूर, आणि बिरड्याचा सण झाला तिशा बेआव, म्हणजे जेरुसलेमचे मंदिर पडल्याच्या शोकाचा दिवस. आता मुलाला कळले की, जगातले सगळे ज्यू याच दिवशी शोक करतात आणि आपण त्यांच्यातले आहोत. हा लाभ लहान नाही. पण त्याच क्षणी त्याला हेही कळले की आजी ज्याला बिरड्याचा सण म्हणते ते ‘चूक’ आहे. शिक्षणाने जोडणे आणि तोडणे एकाच वाक्यात केले.

इथे आपल्याला आपलेच आठवावे. कोकणातल्या आपल्या घरांतून मौलूद, मलिदा, उरूस यांना ‘हे तुमचे खरे नव्हे’ असे सांगायला कोण कोण आले, त्याची यादी करत बसत नाही. बेने इस्रायलांचाही मलिदा आहे. गोड पोहे, खोबरे, फळे आणि एलियाहू हन्नबीचे नाव. अलिबागजवळ खंडाळ्याला एका खडकावर त्या नबीच्या रथाच्या खुणा आहेत असे ते मानतात आणि तिथे नवस फेडायला जातात. एलियाहू म्हणजे आपले इलियास. जगातल्या इतर ज्यूंना हा मलिदा माहीत नाही. तो कुठल्या पुस्तकात नाही. म्हणून तो कमी प्रतीचा, असे म्हणायला पुस्तकवाले नेहमी तयार असतात. आणि ‘खरे’ ठरवणाऱ्यांचे कधी समाधान होत नाही. बेने इस्रायल नव्या देशात गेले, तिथल्या मुख्य धर्मपीठाने १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांच्या लग्नसंबंधांवर शंका घेतली, आडनावे आणि आजी-पणजी तपासायची भाषा केली. शतकानुशतके शेमा म्हटलेल्यांना रस्त्यावर उतरून निदर्शने करावी लागली, तेव्हा १९६४ साली तिथल्या संसदेने हे लोक सर्व बाबतींत ज्यू आहेत असे जाहीर केले.

मग मुलाला काय शिकवायचे, हा प्रश्न नुसता भाषेचा राहत नाही. मुलाच्या डोक्यावर कुणाचा हात राहील, हा तो प्रश्न आहे.

आता पाठांतराच्या विरुद्ध बाजूची एक गोष्ट. ती मी ज्यू परंपरेतलीच घेतो, कारण त्यांनी ती स्वतःविरुद्ध सांगितली आहे. तालमूदमध्ये लहान मुलांचे शिक्षक कसे असावेत याची चर्चा चालू आहे. एक शिक्षक भराभर शिकवतो पण चुका करतो, दुसरा हळू शिकवतो पण चोख. कोणाला नेमावे? तिथे गोष्ट येते ती दाऊदच्या सेनापतीची, योआबची. त्याने लढाईत एका टोळीचे फक्त पुरुष मारले. दाऊदने विचारले, असे का? योआब म्हणाला, मला तसेच शिकवले आहे. तोरातल्या आज्ञेत जो शब्द आहे, तो एका स्वराने वाचला तर ‘पुरुष’ होतो आणि दुसऱ्या स्वराने वाचला तर ‘आठवण’, म्हणजे त्या टोळीचे नावनिशाण. टिंबे तर गुंडाळीत नसतातच. योआबला लहानपणी त्याच्या उस्तादाने चुकीचा स्वर शिकवला होता. तो तडक उस्तादाकडे गेला आणि त्याचा जाब विचारला.

रब्बींनी ही गोष्ट सांगितली ती उच्चार चोख हवा एवढ्यासाठी. मला ती वाचताना वेगळाच धक्का बसतो. इथे चुकीच्या उच्चारामुळे माणसे वाचली आहेत. चोख उच्चार शिकवला असता तर बायका-मुलेही गेली असती. म्हणजे नुसता तजवीद पक्का करून शिक्षकाची जबाबदारी संपत नाही. उच्चार बरोबर, अक्षर बरोबर, आणि तरीही प्रश्न उभाच राहतो की, ही आज्ञा कुणाला, केव्हा, कुणाविरुद्ध? ज्या टोळीबद्दल ती आज्ञा आहे ती अमालेक. ती टोळी काळाच्या पोटात गेली आणि नंतरच्या अनेक ज्यू पंडितांनी अमालेक म्हणजे माणसाच्या मनात वसणारी दुष्टता, तिच्याशी लढा, असा अर्थ लावला. दरवर्षी पुरीम सणाच्या आधीच्या शनिवारी तो उतारा सिनेगॉगमध्ये मोठ्याने वाचला जातो आणि मुले तो ऐकतात. ऑक्टोबर २०२३मध्ये, ७ तारखेच्या हल्ल्यात सुमारे १,२०० माणसे मारली गेल्यानंतर, इस्रायलच्या पंतप्रधानांनी गाझाच्या युद्धाच्या वेळी याच अमालेकची आठवण करून दिली. पुढे जानेवारी २०२४मध्ये दक्षिण आफ्रिकेने आंतरराष्ट्रीय न्यायालयात आपल्या बाजूचा मुद्दा म्हणून ते शब्द मांडले. गाझात त्यानंतर किती हजार मुले गेली ते आपण रोज पाहिले आहे.

शब्द मुलाच्या तोंडी द्यायचा आणि अर्थ द्यायचा नाही, यातला धोका नेमका इथे आहे. शब्द रिकामा राहत नाही. मुलाच्या मनात तो जागा धरून बसतो, त्याला आईच्या आवाजाचा आणि लहानपणाच्या सुगंधाचा मान मिळतो. मग पंचवीस वर्षांनी कुणी तरी येतो आणि त्या मानाच्या भांड्यात आपला अर्थ ओततो. तोपर्यंत उस्ताद मरून गेलेला असतो. आपल्याकडच्या युद्धाच्या आयतींचे हेच झालेले आपण पाहिले नाही काय? ज्याने लहानपणी ती आयत कुठल्या प्रसंगाची हे आपल्या मातृभाषेत ऐकले असेल, त्याला भडकवणे कठीण. ज्याने नुसती सुरात म्हटली असेल, त्याच्याजवळ भडकवणाऱ्याला विचारायला प्रश्नच नसतो. पाठांतर मला गैर वाटत नाही. पाठांतरावर थांबणे गैर वाटते. किल्ली जपून ठेवली, पण कुलूप कुठले ते मुलाला सांगितलेच नाही, तर उद्या ती कुणाचेही घर उघडायला वापरली जाईल.

कुणी म्हणेल, मग भाषाच पुरती शिकवा, म्हणजे अर्थ आपोआप येईल. तसाही एक प्रयोग झाला आहे. एलिएझर बेन-येहूदा १८८१ साली जेरुसलेमला जाऊन राहिला. घरात हिब्रूच बोलायची असा त्याने पण केला. पुढच्या वर्षी मुलगा झाला, त्याच्या कानावर हिब्रूखेरीज दुसरी भाषा पडू द्यायची नाही असे ठरले. दुसरी मुले त्या भाषेत बोलतच नव्हती, म्हणून त्याला खेळायला सवंगडी नाही. मुलगा चार वर्षांचा होईतो धड बोलेना. पुढे तो बोलला, लिहिता झाला, पत्रकार झाला, आणि ग्रंथातली भाषा पुन्हा रस्त्यावर आली म्हणून बापाचे नाव इतिहासात गेले. इतिहासाच्या हिशेबात हा नफाच. पण त्या चार वर्षांचा हिशेब त्या मुलाच्या नावावर आहे, आणि तो कुणी त्याला विचारून मांडला नव्हता. मुलाला आपल्या स्वप्नाची वीट करण्याचा हक्क बापाला किती, हे मला तरी या यशाने सुटल्यासारखे वाटत नाही.

बेने इस्रायलांनी जो मधला मार्ग काढला तो मला अधिक माणुसकीचा वाटतो. शेमा आणि प्रार्थना कोणत्याही भाषेत म्हटली तरी चालते, असा निर्वाळा मिश्नात दुसऱ्या-तिसऱ्या शतकापासून आहे. आपल्याकडे इमाम अबू हनीफांनी अरबी न येणाऱ्याला फारसीत किरअत करायची मुभा दिली होती, हे सर्वांना ठाऊक असते. मात्र त्यांच्या नावाने चालणाऱ्या मदरशांत ते फारसे सांगत नाहीत. आपण कोकणी पडलो शाफई, त्यामुळे आपल्याला ती पळवाटही नाही. असो. बेने इस्रायलांनी प्रार्थनेत हिब्रू ठेवली आणि समजुतीसाठी मराठी घेतली. वल्हांडणाच्या रात्री वाचायची हग्गादा १८४६ साली मुंबईत मराठी भाषांतरासह शिळाप्रेसवर छापली गेली. पुण्यात १८७४ साली निघालेल्या मराठी हग्गादेतल्या चित्रात भाकरी करणाऱ्या बायका आपल्याकडच्या वेशात आहेत. १८८०च्या सुमारास त्यांनी चक्क कीर्तन सुरू केले. हार्मोनियम, टाळ, आणि मराठी पद्यात इब्राहीमची, यूसुफची, मूसाची कथा. हरिदासाचा बाज उसना घेतला आणि त्यात आपले नबी बसवले. आपल्या शेख महंमदांनी चारशे वर्षांपूर्वी श्रीगोंद्यात ओवीत लिहिले. तेव्हा उसनवारीची लाज आपण तरी मानू नये.

हग्गादेचे एक वैशिष्ट्य सांगितलेच पाहिजे. त्या रात्रीची गोष्ट सुरू होते ती मुलाच्या प्रश्नाने. घरातल्या सर्वांत लहान मुलाने विचारायचे की, ही रात्र इतर रात्रींपेक्षा निराळी का? मोठ्यांनी उत्तर द्यायचे. तालमूद म्हणते, मूल नसेल तर बायकोने विचारावे, बायको नसेल तर माणसाने एकट्याने बसून स्वतःलाच विचारावे. प्रश्नाशिवाय गोष्ट सांगायचीच नाही. पाठांतर आहेच, प्रश्नसुद्धा ठरलेला आणि पाठ केलेला आहे. पण मुलाला पाठ करायला दिले ते उत्तर नव्हे, प्रश्न. आणि मराठी हग्गादा हाती आल्यावर कोकणातल्या मुलाला तो प्रश्न आईच्या भाषेत समजू लागला. मी लहानपणी ज्या मकतबात बसलो तिथे प्रश्न विचारायची वेळ नव्हती. आमचे उस्ताद वाईट नव्हते. साठ मुले होती आणि मगरिबपर्यंत सगळ्यांचा सबक ऐकायचा होता.

हे सगळे वाचताना काही वाचकांच्या मनात एक गोष्ट टोचत असणार, मलाही ती टोचते. हिब्रू ही आज एका राज्याची भाषा आहे. त्याच भाषेत चौकीवरचा शिपाई पॅलेस्टिनी मुलाला थांबवतो. तिचे कौतुक आपण का करावे? उत्तर सोपे नाही. एवढे म्हणता येईल की, ठाण्यातला एखादा मुलगा आलेफ गिरवतो तेव्हा तो त्या शिपायाच्या वतीने गिरवत नाही, जसा मुंब्र्यातला मुलगा अलिफ गिरवतो तेव्हा जगातल्या कुठल्या बॉम्बवाल्याच्या वतीने गिरवत नाही. हा न्याय आपण स्वतःसाठी रोज मागतो. २००८च्या नोव्हेंबरात नरिमन हाउसमध्ये रब्बी आणि त्यांच्या पत्नीला मारले गेले, तेव्हापासून मुंबईत सिनेगॉगच्या दारावर पोलीस बसतो आणि मुले त्याच्या समोरून आत जातात. त्या वेळी मुंबईच्या मुसलमानांनी त्या हल्लेखोरांना आपल्या कबरस्तानात जागा नाकारली होती. गाझाबद्दल बोलायचा नैतिक हक्क आपल्याला त्याच नकारातून मिळतो. निष्पाप मुलाला दुसऱ्याच्या गुन्ह्यासाठी धरू नये हे ज्याला दारातल्या मुलाबद्दल म्हणता येते, त्याने ते खान युनूसच्या मुलाबद्दल म्हणावे आणि मोठ्याने म्हणावे.

शेवटी शाळेबद्दल, कारण विषय तिथूनच निघाला. तालमूद सांगते की, पूर्वी बाप मुलाला शिकवत असे, आणि ज्याला बाप नाही तो अडाणी राहत असे. मग येहोशुआ बेन गामला नावाच्या मुख्य धर्मगुरूने गावोगावी शिक्षक नेमले आणि सहा-सात वर्षांच्या सगळ्या मुलांना शाळेत बसवले. एका शिक्षकामागे पंचवीस मुले, त्याहून जास्त झाली तर मदतनीस. म्हणजे सिनेगॉगच्या शाळेचा जन्म अनाथासाठी झाला. ज्याला घरातून परंपरा मिळणार नाही, त्याला जमातीने ती द्यायची.

आज मुंबईत ज्यू मुले फार थोडी उरली आहेत. स्वातंत्र्याच्या सुमारास वीस हजारांच्या वर असलेला समाज आता चार-पाच हजारांवर आला, बाकीचे इस्रायलला गेले. महाराष्ट्र सरकारने २०१६ साली ज्यूंना अल्पसंख्याक दर्जा दिला तेव्हा तो घ्यायला माणसे कमी होती. केहीमकरांची ती शाळा माझगावात सर एली कदूरी स्कूल या नावाने आहे, भायखळ्याला ससूनांची शाळा आहे. ज्यूंनी आपल्या मुलांसाठी बांधलेल्या या शाळांतून आज बहुतेक विद्यार्थी आपले आहेत. बुरख्यातल्या आया फाटकापाशी डबा घेऊन उभ्या असतात. या मुलांना कुणी हिब्रू शिकवावी असे मी म्हणत नाही. पण आपण ज्या बाकावर बसतो तो कुणी आणि कशासाठी बांधला, शनवार तेली कोण होते, काजी हा शब्द त्यांच्याकडे कसा होता, हे त्यांना मराठीत सांगायला वर्षातला एक तास पुरेल. सांगणारे शिक्षकही बहुतेक आपलेच असणार. ज्यांच्या घरी अशा शाळेत जाणारे मूल आहे, त्यांनी त्याला एकदा विचारून पाहावे की, तुझ्या शाळेच्या नावातले ते गृहस्थ कोण?